मराठीतून सांग तिला

म्हातारी बोलायला उभी राहिली. तिच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं आणि माझ्या शेजारी बसलेली इन्तिसार उठली. दगडी फरशीवर खुर्ची करकरली. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. पर्स उचलली आणि सरळ दाराबाहेर निघून गेली.

म्हातारी थांबली. तिची हिब्रू इंग्रजीत आणणारा तरुण दुभाषाही थांबला. सिस्टर आग्नेस म्हणून एक जर्मन नन आमच्या गटाची व्यवस्था बघायची. तिनं हळूच विचारलं, "पुढे बोलायचंय का तुम्हाला?" म्हातारीनं मान हलवली, नाही म्हणून. मग ती खाली बसली आणि दाराकडेच बघत राहिली.

ही सायप्रसमधली गोष्ट, पुष्कळ वर्षांपूर्वीची. डोंगरातल्या एका जुन्या मठात जगभरच्या निरनिराळ्या धर्मांची माणसं शांततेसाठी जमली होती. सकाळी कुठल्या तरी एका धर्माची प्रार्थना व्हायची, मग भाषणं, आणि दुपारआधी आम्ही लहान लहान गटांत बसायचो. तिथे नियम एकच होता. आपलं दुःख सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, वाद घालायचा नाही.

मी तिथे पोचले कशी, तर आमच्या म्हसळ्यात मिरवणुकीच्या वाटेवरून एकदा दगडफेक झाली होती. पुन्हा तसं होऊ नये म्हणून आम्ही दोन्ही मोहल्ल्यांतल्या बायकांनी मंडळ काढलं. मिरवणूक मशिदीपाशी आली की आम्ही पाण्याच्या कळश्या घेऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहायचो. एवढंच आमचं काम. अलिबागच्या एका फादरनी ते कुणाला तरी कळवलं आणि मला बोलावणं आलं. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, म्हणून मलाच पाठवायचं ठरलं. नफीसा हुर्जुक, भारत, असा बिल्ला छातीवर लावून मी पहिले दोन दिवस नुसती बावरून फिरत होते. इन्तिसारनंच मला जवळ केलं. नमाजाला आम्ही दोघी शेजारी उभ्या राहायचो. ती मला बहीण म्हणायची.

इन्तिसार पॅलेस्टाईनमधल्या एका गावात नर्स होती. आदल्याच दिवशी गटात तिनं आपल्या मुलाबद्दल सांगितलं होतं. सामेर त्याचं नाव. सोळा वर्षांचा होता, बेकरीत काम करायचा. संध्याकाळी घरी येताना इस्रायली सैन्याच्या नाक्याजवळ त्याला गोळी लागली. "मी नर्स आहे," ती म्हणाली होती, "किती तरी लोकांच्या उशाशी मी शेवटपर्यंत बसलेय. माझ्या मुलाच्या उशाशी कोण होतं? तो किती वेळ जिवंत होता? काही बोलला का? कुणी सांगत नाही. मला दिला तेव्हा तो गार पडला होता."

तेव्हा ती म्हातारी समोरच बसली होती. दुभाषा तिच्या कानाशी कुजबुजत होता.

मी इन्तिसारच्या मागोमाग बाहेर गेले. ती अंगणातल्या अक्रोडाखाली उभी होती.

"ती बाई वाईट आहे असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण ती भाषा! मला त्या भाषेतले थोडे शब्द येतात, नफीसा. थांब. मागे हो. कागद दाखव. शर्ट वर कर. तेवढेच मला शिकवलेत. तो आवाज कानावर पडला की मी आपोआप उठून उभी राहते. मी काय करू?"

मी तिचा हात धरून उभी राहिले.

जेवणानंतर मी ओसरीवर येऊन घरी फोन लावला. यांना रक्तदाब, आणि जेवणाची हयगय करायची सवय. फोन शेजारच्या सुमनवहिनींनी घेतला; यांच्यासाठी बिरडं करून त्या नुकत्याच आल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, यांना सांगा, पातेल्यातलं बिरडं आजच संपवा. उद्यापर्यंत आंबेल ते."

फोन ठेवला आणि मागून आवाज आला, "वालाचं का गो बिरडं?"

मी वळून बघते तर ती म्हातारी. काठीवर दोन्ही हात ठेवून बाकावर बसलेली. पांढरे केस, फुलाफुलांचा झगा, छातीवर इस्रायलचा बिल्ला. आणि तोंडात आमच्या पट्ट्यातली मराठी!

"तुम्हाला मराठी येते?"

"येते म्हंजे? आष्टमीची मी. रोह्याजवळची. मिलकाबाई आष्टमकर. आमच्या आज्याचा तेलाचा घाणा होता तिथे. आम्ही यहुदी, शनवारी काम करायचं नाय; घाणा बंद असायचा, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. तू कुठली?"

"म्हसळ्याची."

"म्हसळ्याची!" तिनं माझा हात ओढून मला बाकावर बसवलं. "आमच्याकडे मिरच्या विकायला म्हसळ्याची एक बाई यायची, हाजराबी म्हणून. नसेल आता. मीच आता ऐंशीला टेकले."

लग्न होऊन त्या देशात गेली तेव्हा ती विशीतली पोर होती. नवरा गोदीत कामाला होता, तो वारला. मुलगा आणि सून कामाला जायची, म्हणून नातवाला हिनंच वाढवलं. तिची मराठी त्या काळातच थांबलेली होती. मधूनच असा एखादा शब्द यायचा की मला माझी आजी आठवायची. कोथिंबिरीपासून पावसापर्यंत आम्ही बोललो. मग तिनं एकदम विषय बदलला.

"बाय, त्या पोरीशी तुझं बरं जमतं. मी बघते ना."

"हो."

"मला तिला एक विचारायचंय. तिच्यासारख्या कुण्या आईला विचारायलाच मी आलेय इथे. ह्या वयात इमानात बसायची हौस नव्हती मला." तिनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "माझी हिब्रू तिला सोसत नाय. इंग्रजी मला येत नाय. पण मराठीत मी बोलले, तर तिला त्रास व्हायचं कारण नाय. मराठीत तिला कुणी कधी दरडावलेलं नाय. मी मराठीत बोलते. तू तिला सांग."

"काय विचारायचंय?"

"ते तिच्यासमोरच बोलेन. दोनदा बोलायची ताकद नाय माझ्यात."

मी लगेच हो म्हटलं नाही. मला भीती वाटली, आणि ती उगाच नव्हती. आदल्या दिवशी सामेरची हकिगत ऐकताना ह्या म्हातारीचा चेहरा कसा झाला होता, ते मी पाहिलं होतं. हिचा नातू सैन्यात होता, हे तिच्या परिचयात सांगितलेलं होतं. दोन आणि दोन किती होतात हे मलाही कळत होतं. तेच जर असलं, तर ते इन्तिसारला ऐकवायचं कुणी? मी. माझ्या तोंडून. जी मला बहीण म्हणते तिला.

मिलकाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी आग्रह केला नाही. "नको वाटत असेल तर नको," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळच्या चहाच्या वेळी मी इन्तिसारला गाठलं आणि सगळं सांगितलं. ती थक्क झाली.

"तिला तुझी भाषा कशी येते?"

"ती आमच्याकडचीच आहे. माझ्या गावापासून थोड्या अंतरावर तिचं गाव. तिच्या लोकांना तिथे कधी कुणी त्रास दिला नाही. तरी गेले बरेचसे, आपल्या देवाच्या भूमीत म्हणून."

"माझ्या भूमीत," इन्तिसार म्हणाली.

मी खाली बघितलं.

तिनं कप ठेवला. "तुला काय वाटतं, तिला काय सांगायचं असेल?"

"मला माहीत नाही. पण मला भीती वाटते."

"मलाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुझी शेजारीण म्हणून ऐकेन मी तिचं. बाकी कुणी नको. ती सिस्टरही नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे सभागृहात असताना आम्ही तिघी मठाच्या भटारखान्यामागच्या भाजीच्या वाफ्यांशी एका बाकावर बसलो. वांग्यांना नुकतंच पाणी घातलेलं होतं. मी मधे, दोन बाजूंना त्या दोघी. इन्तिसारनं हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

मिलकाबाईंनी इन्तिसारकडे बघत मराठीत सुरुवात केली. एका वाक्यानंतर त्या थांबायच्या आणि मी ते इंग्रजीत सांगायचे.

"माझ्या नातवाचं नाव ओरेन. मी त्याला वाढवलाय."

मी तसंच सांगितलं. त्या "मी" म्हणाल्या की मलाही "मी" म्हणावं लागत होतं. माझा नातू. मी वाढवलाय. स्वतःच्या तोंडचे ते शब्द ऐकून मला कसंसंच झालं.

"तो सैन्यात होता. तुमच्या बाजूच्या एका नाक्यावर. एका संध्याकाळी त्यांच्या हातून एक मुलगा मेला."

इन्तिसारच्या बोटांची नखं पांढरी पडली.

"पहिल्यांदा मी विचारलं नाय, गोळी कुणाची. धीर नाय झाला. मग एकदा विचारलं. तो म्हणाला, आजी, माझीच."

इथे मी अडखळले. मिलकाबाई म्हणाल्या, "सांग, बाय. जसं आहे तसं सांग." मी सांगितलं.

"मुलगा लगेच गेला नाय. बाकीचे गाडीकडे, वायरलेसकडे धावले. ओरेन त्याच्याजवळ बसून राहिला. मुलानं त्याचा हात धरला. कुणी मारलं ते त्याला कळलं होतं की नाय, देव जाणे. आणि तो बोलला. तेच तेच बोलला, चारपाच वेळा. मग गेला."

मी ते सांगून संपवायची मिलकाबाईंनी वाट बघितली.

"ओरेनला तुमची भाषा येत नाय. पण ते शब्द त्याच्या कानात बसलेत. आता तो घरी आहे. कामाला जात नाय, मित्रांकडे जात नाय. भांडी घासताना ते शब्द म्हणतो, झोपेत म्हणतो. मला म्हणाला, आजी, त्यानं मला काय सांगितलं ते मला कळलं पाहिजे. माझ्या जिन्यावर इराकच्या बाया राहतात, मोरोक्कोच्या राहतात, त्यांना तुमची भाषा येते. पण विचारलं की सांगावं लागणार, कुठे ऐकलेस. ओरेननं मला शपथ घातलीये, कुणाला सांगायचं नाय म्हणून. आणि मला वाटलं, ते शब्द आधी कुण्या आईनं ऐकायला हवेत. जिन्यावरच्या बायांनी नाय."

हे मी सांगून संपवलं. इन्तिसारनं एकच शब्द म्हटला, "बोल."

मिलकाबाईंनी डोळे मिटले. लहानपणी आम्ही पोरं अर्थ न कळता नमाज पाठ करायचो, तसं त्यांनी एकेक अक्षर जपून उच्चारलं.

"रज्जे अल्-घनम लइम्मी."

ह्याचं भाषांतर मला करावं लागलं नाही. ते माझ्या अंगावरून थेट पलीकडे गेलं.

इन्तिसार पुढे झुकली. "पुन्हा," ती म्हणाली. हे मी मराठीत सांगायच्या आतच मिलकाबाईंनी पुन्हा म्हटलं. "पुन्हा." त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं.

इन्तिसारनं तोंडावर हात घेतला आणि ती रडायला लागली. मला वाटलं, झालं. हिचाच मुलगा. मिलकाबाईंनाही तेच वाटलं असणार, कारण त्या बाकावरून खाली सरकून तिच्या पायाशी बसायला निघाल्या. मी त्यांना दंडाला धरून थांबवलं.

मग इन्तिसार इंग्रजीत बोलली. मी मिलकाबाईंना सांगितलं, "आजी, तो म्हणत होता, मेंढरं माझ्या आईकडे नेऊन सोड."

"मेंढरं?"

"मेंढरं."

इन्तिसार पुढे बोलत होती, मी सांगत होते. "आमच्याकडे मेंढरं कधीच नव्हती. आम्ही भर बाजारात राहतो. माझा सामेर बेकरीत होता. हा माझा मुलगा नाही."

क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. पण इन्तिसारच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. ती माझा हात धरून म्हणाली, "तिला सांग. ती बोलत होती तेवढा वेळ मला वाटलं, त्याचे शेवटचे शब्द मला मिळाले. मला हवे होते ते. मारणाऱ्याच्या तोंडून का होईना, मला हवे होते. आता माझ्याकडे पुन्हा काही नाही."

मी सांगितलं. आपला सुरकुतलेला हात मिलकाबाईंनी मधे, माझ्या मांडीवर ठेवला. इन्तिसारनं त्याच्याकडे बघितलं. धरला नाही, पण दूरही सरकली नाही.

भटारखान्यातून भांड्यांचा आवाज येत होता. मग इन्तिसारनं पदरानं तोंड पुसावं तसं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं पुसलं आणि तिचा आवाज बदलला. नर्सचा झाला.

"कुठे झालं हे?"

"नाव नाय सांगत तो. विहीर होती म्हणतो. तिच्यापलीकडे चुन्याची पडकी भट्टी."

"भट्टी मला माहीत आहे. त्या बाजूला लस द्यायला जायचे मी. तिथे तीनचार वाड्या आहेत." ती जरा थांबली. "म्हणजे तिथे एक आई आहे. तिला हे कुणी सांगितलेलं नाही. मी जाईन."

हे मी मराठीत सांगितलं.

"पण ती मला विचारेल," इन्तिसार म्हणाली, "हे शब्द कुणी ऐकले? कुठून आणलेस? मी काय सांगू?"

मिलकाबाईंना मी तिचा प्रश्न सांगितला. त्या काय तोलत होत्या ते मला कळत होतं. मी म्हटलं, "आजी, घाई नको. एकदा नाव गेलं की परत घेता येत नाही. त्याचं काहीही होऊ शकतं. खटला होईल, सूड होईल."

"ते मला कळतं, बाय." त्यांनी काठी उचलली, परत टेकवली. "पण त्यानं माणसाला मारलंय. बिननावाच्या माणसानं मारलं असं त्या बाईला सांगू? शपथ मोडल्याचं मी बघेन. तिला सांग, ओरेन. मिलका आष्टमकरचा नातू. गाव विचारलं तर तेही सांग. आणि म्हणावं, तिच्या पोराचं नाव मला कळव. आमच्या घरात दोन वर्षं तो पोरगा राहतोय, आणि त्याला हाक काय मारायची ते आम्हाला ठाऊक नाय."

परिषद त्यानंतर दोन दिवसांनी संपली. मोठ्या सभागृहात शांततेचा जाहीरनामा वाचला गेला, सगळ्यांनी हात धरून छायाचित्र काढलं. सिस्टर आग्नेसनं मला विचारलं, "त्या दोघींचा समेट झाला का?" मी म्हटलं, "मला नाही ठाऊक." ते खरंच होतं. निघताना इन्तिसारनं मला मिठी मारली, मिलकाबाईंना मारली नाही. बस सुटताना मात्र ती खिडकीतून त्यांच्याकडेच बघत होती.

मग महिने गेले. आमच्याकडे पाऊस सरला, वाल पेरून झाले. एका दुपारी मी शाळेतून घरी आले तेव्हा फोन वाजत होता. इन्तिसार होती.

"सापडली," ती म्हणाली. "तिचं नाव फातिमा. मुलाचं राएद. पंधरा वर्षांचा होता."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "तू सांगितलंस?"

"सगळं. नावही सांगितलं. तिनं मला शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावले, मी त्या म्हातारीला लावले होते तसे." मधे नुसती खरखर ऐकू येत होती. "नफीसा, त्या संध्याकाळी मेंढरं आपली आपणच घरी आली होती. ही दारात उभी राहून मुलाला शिव्या देत होती, मेंढरं सोडून हा कुठे उंडारतोय म्हणून. नंतर सगळे जण तिला म्हणायचे, त्याला काही कळलं नसेल, पटकन गेला असेल. आता तिला कळलं की तो मेंढरांची काळजी करत होता."

"काही निरोप दिला तिनं?"

"दिला. तू नीट सांग. क्षमा केली असं सांगू नकोस. तिनं तसं म्हटलेलं नाही आणि मीही म्हटलेलं नाही. ती एवढंच म्हणाली, त्या सैन्यातल्या मुलाला सांगा, मेंढरं घरी पोचली."

मी लगेच मिलकाबाईंना फोन लावला. त्यांनी उचलला. मी नाव सांगितलं, वय सांगितलं, निरोप जसाच्या तसा सांगितला. जास्त एक शब्द घातला नाही. मग त्यांनी फोन बाजूला ठेवल्याचं कळलं, आणि घरात लांबवर त्या हिब्रूत काहीतरी बोलत होत्या. सावकाश. थोडं बोलायच्या, थांबायच्या.

फोन पुन्हा उचलला गेला. पण आवाज त्यांचा नव्हता. एका तरुण मुलाचा होता, आणि तो आजीच्या मांडीवर शिकलेल्या मोडक्यातोडक्या मराठीत बोलत होता.

"मावशी," तो म्हणाला, "त्याचं नाव. परत सांग."

"राएद," मी म्हटलं.

"राएद," तो म्हणाला.

मी ऐकत राहिले. तो फोन ठेवत नव्हता, मीही ठेवला नाही.